घरचा डॉक्टर : कुटुंबाच्या आरोग्याची खतावणी



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्याविषयी बोलायचे म्हटले, की श्रोत्यांना मधुमेह, हृदयविकार, नवनवी यंत्रे आणि शस्त्रक्रिया यांची माहिती अपेक्षित असते. आजचा विषय त्याहून साधा आहे. प्रत्येक कुटुंबाला एक नेहमीचा डॉक्टर असावा, त्याने वर्षानुवर्षे त्या घरातील माणसांना पाहावे आणि त्या माणसांनीही दुखलेखुपले की प्रथम त्याच्याकडे जावे, एवढाच तो विषय. यासाठी व्याख्यान कशाला, असे कोणालाही वाटावे. परंतु सभागृहातील तरुण जोडप्यांना त्यांच्या डॉक्टरांचे नाव विचारले, तर कित्येक जण दातांचे, डोळ्यांचे, गुडघ्यांचे, साखरेचे अशी चार नावे झटकन सांगतील आणि ‘घरचे डॉक्टर कोण?’ या प्रश्नावर मात्र एकमेकांकडे पाहतील.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांचा पिंड व्यापाराचा. किर्द आणि खतावणी यांतील भेद येथे कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. दिवसभरात जे घडले ते घडल्या क्रमाने किर्दीत उतरते. पण अमुक एका आसामीकडे येणे किती, देणे किती, गेल्या दिवाळीपासून त्याचा व्यवहार सुधारला की बिघडला, हे किर्द चाळून कळत नाही. त्यासाठी खतावणीतील त्याच्या नावाचे पान उघडावे लागते. आजाराचेही तसेच आहे. रक्ताचा अहवाल, क्ष-किरण चित्र, तज्ज्ञांची चिठ्ठी, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद या साऱ्या किर्दीतील नोंदी होत. त्या खऱ्या असतात, मोलाच्याही असतात. परंतु त्या माणसाच्या नावे मांडून, मागची बाकी पुढे ओढून, हिशेब लावणारा कोणीतरी लागतो. ते काम घरच्या डॉक्टरांचे.

एक उदाहरण पाहू. मूत्रपिंडाचे कार्य अजमावण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. पुरुषांसाठी ०.७ ते १.३ च्या आसपासची मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालावर सामान्य म्हणून छापलेली असते. समजा, एखाद्या गृहस्थाचा हा आकडा चार वर्षांपूर्वी ०.८ होता, मग १.० झाला आणि यंदा १.२ आला. तिन्ही अहवालांवर काहीही ठळक अक्षरांत उमटणार नाही. तीन वर्षी तीन निरनिराळ्या डॉक्टरांनी ते कागद पाहिले, तर तिघेही ‘उत्तम’ म्हणतील आणि तिघेही आपापल्या परीने बरोबर असतील. परंतु ते तीन कागद शेजारी शेजारी ठेवणाऱ्याच्या ध्यानात येते, की आकडा दीडपट झाला आहे. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती सुमारे एक तृतीयांशाने घटली असण्याचा संभव आहे. त्या टप्प्यावर रक्तदाब नीट सांभाळला, दुखण्यावरच्या गोळ्या थांबवल्या, तर पुढचे पुष्कळ टळते. हाच आकडा चारवर गेल्यावर पाहणारे तज्ज्ञ कितीही निष्णात असले, तरी गेलेली वर्षे ते परत आणू शकत नाहीत.

याच्या उलटही घडते. काही जणांच्या हृदयाच्या विद्युत-आलेखात वर्षानुवर्षे एक विशिष्ट फरक असतो आणि त्याचा त्यांना कधी त्रास होत नाही. अनोळखी ठिकाणी रात्री तो आलेख निघाला, तर धावपळ उडते, माणूस अतिदक्षता विभागात जातो, घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. दहा वर्षांपूर्वीचा आलेख ज्यांच्या कपाटात आहे ते डॉक्टर दूरध्वनीवरून सांगू शकतात, की हे त्यांचे जुनेच आहे.

हल्ली वाढदिवसाला वा लग्नाच्या वाढदिवसाला संपूर्ण शरीराच्या तपासण्यांचे पॅकेज भेट देण्याची रीत पडली आहे. हेतू चांगला असतो. परंतु त्यामागचा साधा हिशेब पाहण्याजोगा आहे. चाचणीची सामान्य मर्यादा ठरवताना बहुधा असे करतात, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक तिच्या आत बसावेत. याचा अर्थ पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता शंभरात पाच असते. अशा एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी ‘बिघडलेली’ निघण्याची शक्यता ६४ टक्के होते. म्हणजे धडधाकट माणसांपैकी निम्म्याहून अधिक जण हाती एक तारांकित आकडा घेऊन घरी परततात. मग तो आकडा उलगडण्यासाठी सोनोग्राफी, तिच्यात दिसलेल्या छायेसाठी सी.टी. स्कॅन, आणि तोवर तीन आठवडे घरात कोणाला झोप नाही. ‘हे सोडून द्या, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू,’ हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. ते अनोळखी डॉक्टरांकडे कोठून यावे? जो माणसाला ओळखतो, पुढच्या महिन्यात तो रस्त्यात भेटणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच ते म्हणू शकतो.

पूर्वीच्या पिढीला हा प्रश्न पडला नसता. पेठेत एक दवाखाना असे. लाकडी बाके, पडद्याआड कंपाउंडर, मिक्स्चरच्या बाटलीला चिकटवलेली, मात्रांच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी आणि चौकोनी पुड्या. डॉक्टर व्हिजिटला आले, की त्यांची बॅग उचलून पुढे धावण्याचा मान घरातील मुलांचा. आजोबांचा दमा, काकूंचे बाळंतपण, धाकट्याचा गोवर हे सारे एकाच डोक्यात साठवलेले असे. अर्थात त्या काळाचे नुसते गोडवे गाण्याचे कारण नाही. तेव्हाच्या दवाखान्यात देण्याजोगे फारसे काही नव्हते, सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरल्या जात आणि देवाघरी गेलेले एखादे मूल जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असे. आजचे औषधशास्त्र कितीतरी पटींनी समर्थ आहे. प्रश्न एवढाच, की औषधे वाढली तेव्हा ओळख का कमी व्हावी?

याची कारणे पुष्कळशी आर्थिक आहेत. आपल्या देशात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्याने अनेक कुटुंबांना कर्जातून वाचवले, यात शंका नाही. पण त्याची रचना रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेली होती आणि आजही बहुतेक पॉलिसी त्याच वळणाच्या आहेत. खाटेवर पडलेल्या माणसाचे लाखाचे बिल भागते. खाटेवर पडू नये म्हणून दवाखान्यात जाणाऱ्याची दोनशे-तीनशे रुपये फी मात्र खिशातून जाते. पैसा ज्या दाराने येतो, त्याच दाराशी दुकाने वाढतात, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. शिवाय शहरातील जागांचे भाव असे, की नव्या डॉक्टरला चाळीच्या तळमजल्यावर दहा बाय बाराची खोली घेणेही जड जाते. कुटुंबे जुन्या पेठा सोडून दूरच्या सोसायट्यांत राहायला गेली. आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला हे योग्यच झाले. परंतु जेथे ओळख नाही, तेथे डॉक्टरही स्वतःच्या बचावासाठी चार तपासण्या अधिक लिहू लागले. जेथे वीस वर्षांचा विश्वास आहे, तेथे ही दोन्हीकडची धास्ती कमी असते.

घरच्या डॉक्टरांची महती हा केवळ ज्येष्ठांच्या आठवणींचा विषय आहे असे कोणी समजू नये. तिची मोजदाद झालेली आहे. नॉर्वे देशात २००१ पासून प्रत्येक नागरिकाला एका ठरावीक डॉक्टरच्या यादीत नाव नोंदवण्याची व्यवस्था आहे. तेथील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०२२ मध्ये ब्रिटनमधील जनरल प्रॅक्टिसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांचा आपल्या डॉक्टरशी एकच वर्षाचा संबंध होता, त्यांच्या तुलनेत १५ वर्षांहून अधिक काळ तोच डॉक्टर असलेल्यांमध्ये अवेळी तातडीची सेवा घेण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी, अकस्मात रुग्णालयात दाखल होण्याचे सुमारे २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. विशेष म्हणजे हा लाभ एकदम झालेला नाही. संबंध जसजसा जुना, तसतसा तो वाढत गेला. त्यापूर्वी २०१८ मध्ये इंग्लंडमधील एक्झेटर येथील ज्येष्ठ फॅमिली डॉक्टर सर डेनिस परेरा ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ देशांतील २२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांपैकी १८ अभ्यासांत तोच तो डॉक्टर राखणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते. अशा अभ्यासांनी कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, स्थिर आयुष्य जगणाऱ्यांचाच डॉक्टर स्थिर राहतो असाही आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. तरीही एखाद्या नव्या गोळीने मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटल्याचे नुसते दिसले असते, तर तिच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रे भरून गेली असती.

वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसा खाणीच्या खेड्यात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट १९६१ पासून डॉक्टरकी करीत होते. वस्ती सुमारे दोन हजार. त्यांनी एक साधे काम हाती घेतले. दवाखान्यात येईल त्याचा, कशासाठीही येवो, रक्तदाब मोजायचा. आणि जो येत नाही त्याला शोधून काढून मोजायचा. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी आपणहून येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. २५ वर्षांच्या या कामाचा लेखाजोखा १९९१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शेजारच्या खेड्यापेक्षा येथील अकाली मृत्यू कमी असल्याचे दिसले. या डॉक्टरांजवळ मोठे यंत्र नव्हते. गावात कोण आले नाही, याची यादी मात्र होती. ‘कोण आले नाही’ हे रुग्णालयाला कधीही कळत नाही. ते घरच्याच डॉक्टरांना कळते.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा उघडून पाहिला, तर या विषयाची निकड अधिक ध्यानी येईल. हृदयाच्या तज्ज्ञांनी दिलेल्या चार गोळ्या, साखरेच्या तीन, अस्थितज्ज्ञांच्या दोन, झोपेची एक आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले एखादे चूर्ण. प्रत्येक तज्ज्ञाने आपल्यापुरते योग्यच लिहिलेले असते. पण आपल्या देशात एकच औषध असंख्य व्यापारी नावांनी विकले जाते, त्यामुळे दोन चिठ्ठ्यांतील दोन नावे म्हणजे एकच औषध, हे घरच्यांना उमगत नाही आणि ते दुप्पट घेतले जाते. सर्दीच्या गोळीत पॅरासिटॅमॉल, अंगदुखीच्या गोळीतही तेच, तापासाठी पुन्हा तेच. याहून घातक असा एक त्रिवेणी संगम डॉक्टरमंडळींना परिचित आहे. रक्तदाबाच्या एका विशिष्ट गटातील गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी, या तिन्ही एकत्र आल्या की वयस्कर माणसाचे मूत्रपिंड एकाएकी बिघडू शकते. तीन गोळ्या तीन डॉक्टरांच्या. तिन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर पसरून ‘यातली ही बंद करा’ म्हणणारा चौथा माणूस घरात नसेल, तर ते कोण सांगणार? औषध सुरू करणारे पुष्कळ असतात. थांबवण्याची जबाबदारी घेणारा एखादाच.

समाजाच्या दृष्टीने जिव्हाळ्याची गोष्ट तपश्चर्येची. पर्युषण वा दशलक्षण पर्वात घरोघरी उपवास होतात. एकासना, आयंबिल, अठ्ठाई, कोठे मासक्षमण, कोठे वर्षीतप. चौविहार तर अनेक घरांत बारमाही पाळला जातो. आता मधुमेहाच्या औषधांचे पाहा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. उपवासात ती चालू राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. अलीकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या दीर्घ उपवासात घेतल्यास रक्तात आम्ल साचू शकते आणि तेही साखरेचा आकडा जवळजवळ सामान्य असताना, त्यामुळे घरातल्या यंत्रावर काही कळत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीर कोरडे पडते. दीर्घ उपवासानंतरच्या पारण्याला एकदम भरपेट आहार दिला, तर रक्तातील क्षारांचे संतुलन ढळण्याचा धोका असतो. या वैद्यकशास्त्राला मान्य असलेल्या गोष्टी आहेत आणि तपाच्या श्रद्धेशी त्यांचे वैर नाही.

अनोळखी डॉक्टरांना विचारले तर त्यांचे सुरक्षित उत्तर एकच, ‘उपवास करू नका.’ ते त्यांच्या बाजूने चूक म्हणता येत नाही. परंतु प्रत्यक्षात होते असे, की तपस्वी मंडळी पुढच्या वर्षी विचारतच नाहीत. तप करायचेच असते; ते डॉक्टरांपासून लपवून केले जाते. गोळी कधी भक्तिभावाने घेतली जाते, कधी भक्तिभावाने सोडली जाते, आणि तिसऱ्या दिवशी आजी देवळाच्या पायरीवर घेरी येऊन बसतात. कुटुंबाचे डॉक्टर आषाढातच विचारतात, ‘आजी, यंदा काय करायचा विचार आहे?’ ते जैन असोत वा नसोत, त्यांना चौविहार म्हणजे काय हे ठाऊक असते. सूर्यास्तानंतरची गोळी सूर्यास्तापूर्वी आणता येईल की नाही हे ते आधीच पाहून ठेवतात. जिलेटिनचे आवरण असलेली कॅप्सूल नको असेल तर तेच औषध गोळीच्या रूपात लिहून देतात. आणि एखाद्या वर्षी ते म्हणाले, ‘आजी, यंदा अठ्ठाई नको, एकासना करा,’ तर आजी ऐकतात. ऐकतात याचे कारण त्यांच्या पदव्या नव्हेत. मागच्या तीन वर्षी त्यांनी ‘करा’ म्हटलेले असते.

नात्याचे हे मोल कायद्यानेही ओळखले आहे, हे बहुतेकांच्या वाचनात आलेले नसते. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरध्वनी वा चित्रफितीद्वारे वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जारी केले. त्यांत प्रथमच भेटणारा रुग्ण आणि पूर्वी प्रत्यक्ष तपासलेला, त्याच आजारासाठी पुन्हा सल्ला घेणारा रुग्ण असा भेद केला असून, दुसऱ्याला लिहून देता येणाऱ्या औषधांची यादी मोठी ठेवली आहे. टाळेबंदीत ज्या घरांना आपले डॉक्टर होते, त्यांना रात्री अकरा वाजता दूरध्वनी करून ऑक्सिजनचा आकडा सांगता आला. ज्यांना नव्हते, ते रुग्णालयांच्या दारांशी ताटकळले किंवा भ्रमणध्वनीवर आलेल्या उपायांच्या मागे लागले.

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. असाध्य अवस्थेत कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये, अशी इच्छा माणसाला आधीच लिहून ठेवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. अशा इच्छापत्राची प्रत कोणाकोणाला द्यावी हे सांगताना न्यायालयाने कुटुंबाच्या डॉक्टरांचाही उल्लेख केला आहे, मात्र ‘असल्यास’ या शब्दासह. हा एक शब्द पुष्कळ काही सांगून जातो. नव्वदीतल्या वडिलांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवायचे की घरी न्यायचे, हा प्रश्न मुलांपुढे रात्री दोन वाजता उभा राहतो. समोरचे डॉक्टर पाळीवर आलेले, सकाळी दुसरे येणार. परदेशातील मुलगा दूरध्वनीवर एक सांगतो, येथील मुलगी दुसरेच. वडिलांना स्वतःला काय हवे होते, हे सांगू शकणारा आणि ज्याचे सर्व भावंडे ऐकतील असा तिऱ्हाईत त्या वेळी एकच असतो. त्या रात्री तो नेमता येत नाही. तो आधीच असावा लागतो.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक दुखण्याला घरच्या डॉक्टरांकडे धावणे शहाणपणाचे नाही. छातीत दाटून येऊन घाम फुटला, चेहरा वाकडा झाला, हात-पाय लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तसेच जे डॉक्टर वर्षानुवर्षे कोणालाच तज्ज्ञांकडे पाठवत नाहीत, साध्या सर्दीला प्रतिजैविके देतात, अशक्तपणाला सलाईन लावतात आणि चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहिण्याऐवजी सुट्या गोळ्या पुडीत बांधून देतात, ते केवळ जुने आहेत म्हणून चांगले ठरत नाहीत. चांगल्या डॉक्टरांची एक ओळख अशी, की ‘हे माझ्या आवाक्यातले नाही’ असे ते वेळेवर सांगतात आणि पाठवताना सोबत पूर्वेतिहासाची चिठ्ठी देतात. तज्ज्ञांकडून परतल्यावर ‘काय म्हणाले?’ असे आपणहून विचारतात.

आज असे डॉक्टर ज्या पेठांत आहेत, तेथे ते बहुधा सत्तरीत आहेत. त्यांची मुले डॉक्टर झाली असली तरी शल्यविशारद वा हृदयतज्ज्ञ झाली. दवाखान्याचे शटर ज्या दिवशी कायमचे ओढले जाईल, त्या दिवशी पन्नास वर्षांची खतावणी त्यांच्यासोबत जाईल, कारण ती बव्हंशी कागदावर नाहीच. म्हणून जेथे ते आहेत, तेथे कुटुंबांनी आतापासूनच आपापला इतिहास त्यांच्याकडून लिहून घ्यावा. वडिलांना हृदयविकार पंचावन्नच्या आत झाला होता काय, आईला पासष्टच्या आत झाला होता काय, हे मुलांच्या डॉक्टरांना उद्या कळायला हवे. कोणत्या औषधाची कोणाला ॲलर्जी, कोणती शस्त्रक्रिया कोणत्या साली, एवढे एका वहीत असावे. सरकारने २०२१ पासून आरोग्यखात्याचा डिजिटल क्रमांक देण्याची योजना देशभर सुरू केली आहे, तोही काढून ठेवावा. मात्र संगणक कागद साठवतो, त्याचा अर्थ लावत नाही.

आणि फीविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. लग्नाच्या एका जेवणावर ताटामागे हजार रुपये खर्च करणारी घरे दवाखान्यात पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतात, दोन जणांना एकाच फीत दाखवतात, ‘नुसता रिपोर्ट दाखवायचा आहे’ म्हणून फी चुकवतात. तो रिपोर्ट वाचणे हेच तर त्यांचे काम! समाजातील तरुण-तरुणी मोठ्या संख्येने वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. फॅमिली मेडिसिन या विषयात डी.एन.बी. ही पदव्युत्तर पदवी घेता येते, १९ मे हा दिवस २०१० पासून जगभर फॅमिली डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो, हे त्यांच्या पालकांना क्वचितच ठाऊक असते. लग्न जमवताना ‘मुलगा फक्त जी.पी. आहे’ असे म्हणणाऱ्या पालकांनी वृद्धपणी घरी येऊन तपासणारा डॉक्टर कोठून येणार, याचाही विचार करावा.

विश्वस्त संस्थांची आरोग्य शिबिरे हा समाजाच्या अभिमानाचा विषय आहे. सकाळपासून रांगा लागतात, शेकडो लोकांचे रक्त तपासले जाते, आठवड्याने पाकिटे वाटली जातात. त्यानंतर त्या पाकिटांचे काय होते, हे मात्र पाहिले जात नाही. शिबिराच्या नोंदणी-अर्जावर नाव, वय, पत्ता आणि भ्रमणध्वनी एवढे रकाने असतात. त्यांत ‘कुटुंबाच्या डॉक्टरांचे नाव’ असा एक रकाना वाढवावा आणि रुग्णाच्या संमतीने अहवालाची एक प्रत थेट त्या डॉक्टरांकडे रवाना करावी. ज्यांचा तो रकाना रिकामा राहील, त्यांची यादी करून परिसरातील विश्वासू डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्यावी, आणि पुढच्या शिबिराला त्या यादीतील कोण आले नाही हेही पाहावे. हे काम सोनोग्राफीचे यंत्र घेण्याहून कितीतरी स्वस्त आहे. फक्त त्यावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावायला जागा नाही, एवढीच काय ती अडचण.